लॅव्हेंडरचे तेल : उपयोग आणि एहतियात

अत्तराची एकही कुपी नाही असे मुस्लिम घर शोधूनही सापडायचे नाही. जुम्याच्या नमाजला निघताना अब्बांनी मनगटावर लावलेला थेंब, ईदच्या सकाळी मुलांच्या कानात ठेवलेला अत्तराचा फाया, निकाहच्या दिवशी पाहुण्यांवर शिंपडलेले गुलाबपाणी. सुगंधाशी आपले नाते जुने आहे आणि ते दीनाशीही जोडलेले आहे.

गेल्या काही वर्षांत याच कपाटात आणखी एक छोटी, गडद रंगाची काचेची बाटली येऊन बसली आहे. लॅव्हेंडर ऑइल. कुणाला ती मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओने सुचवली, कुणाला आखाती देशातून आलेल्या नातेवाइकाने भेट दिली, कुणी ब्युटी पार्लरमधून आणली. झोप येत नाही, लावा लॅव्हेंडर. डोके दुखते, लावा लॅव्हेंडर. बाळ रडते, उशीवर दोन थेंब टाका. मुलाची परीक्षा आहे, कानशिलावर चोळा. सल्ले भरपूर मिळतात. मात्र त्या बाटलीत नेमके काय आहे, ते किती वापरायचे आणि कुणी अजिबात वापरायचे नाही, हे सांगणारे फार थोडे. म्हणून हा लेख.

अत्तर वेगळे, हे तेल वेगळे

सगळा घोळ इथून सुरू होतो. बाटली दिसते अत्तरासारखी, सुगंधही येतो, म्हणून आपण ती अत्तरासारखीच वापरतो. पण दोन्ही बनवण्याच्या पद्धतीत मोठा फरक आहे.

कन्नौजला पारंपरिक अत्तर बनते ते देग-भपक्यात. तांब्याच्या देगेत गुलाब किंवा केवडा पाण्यासह तापवतात आणि त्याची सुगंधी वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. म्हणजे फुलाचा अर्क आधीच दुसऱ्या तेलात मुरलेला असतो. (आता चंदन महाग झाल्यामुळे बरेच जण दुसरे तेल वापरतात, ती गोष्ट वेगळी.) असे अत्तर थेंबभर कातडीवर लावायची आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे.

लॅव्हेंडरचे तेल, ज्याला बाजारात इसेन्शियल ऑइल म्हणतात, ते निव्वळ अर्क असते. फुलांच्या तुऱ्यांतून वाफ सोडतात, ती वाफ थंड करतात आणि पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे काढतात. शंभर किलो ताज्या फुलांतून साधारण एक ते दीड किलोच तेल मिळते. या हिशेबाने चहाच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटर तेलात, अर्धा किलोच्या आसपास फुलांचा अर्क उतरलेला असतो. इतकी फुले एका वेळी कुणी अंगाला चोळणार नाही, की खाणार नाही. तेलाचा चमचा मात्र सहज सांडतो, चोळला जातो, आणि लहान मुलाच्या पोटातही जातो.

त्याला तेल म्हणतात म्हणून ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखे असते असेही नाही. ते चिकट नसते, हवेत उडून जाते आणि पेटही घेते. त्यात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही दोन मुख्य रसायने असतात. उत्तम लॅव्हेंडर तेलाचा अर्ध्याहून अधिक भाग बहुधा या दोघांचाच असतो. सुगंध यांचाच, गुण यांचे आणि त्रास झाला तर तोही बऱ्याच वेळा यांच्यामुळेच.

हकिमांचा उस्तुखुद्दूस

आपल्याकडे कुणी म्हणेल, "लॅव्हेंडर परदेशी कसे? हकीमसाहेब उस्तुखुद्दूस देतात ते हेच ना?" प्रश्न रास्त आहे. उस्तुखुद्दूस हे लॅव्हेंडरच्याच कुळातले एक झाड. नाव मूळ ग्रीक, अरबीतून आपल्याकडे आले. इब्न सीना (इ.स. ९८०-१०३७) यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात त्याची नोंद आहे. युनानी हकीम त्याला 'जारूब-ए-दिमाग', म्हणजे मेंदूचा झाडू, म्हणत आले आहेत. जुनाट नजला आणि डोकेदुखीवर दिले जाणारे 'इत्रीफल उस्तुखुद्दूस' आजही युनानी दवाखान्यात मिळते. या नावातला 'इत्रीफल' म्हणजे आपला त्रिफळाच. हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे नाव अरबीत जाऊन परत आले ते या रूपात.

पण दोन गोष्टी इथे नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, बाजारातले चांगले लॅव्हेंडर तेल ज्या झाडाचे असते ते उस्तुखुद्दूसचे भावंड आहे, तेच झाड नाही. उस्तुखुद्दूसमध्ये कापराचा अंश बराच जास्त असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हकीमसाहेब देतात ती सुकी फुले, काढ्यात किंवा इत्रीफलात, काही ग्रॅमच्या मापाने. पाच ग्रॅम सुक्या फुलांत असे तेल जेमतेम थेंब-दोन थेंब भरते. त्यामुळे "युनानीत पोटात देतातच की" असे म्हणून बाटलीतले तेल दुधात किंवा मधात घालून देणे ही हकिमी नव्हे. बाटलीतले तेल पोटात घ्यायचे नाही, हा या लेखातला पहिला आणि सर्वांत पक्का नियम.

चांगली बाटली कशी ओळखावी

लॅव्हेंडर म्हटले की फ्रान्समधील प्रोव्हान्सचे जांभळे मळे आठवतात. बल्गेरियाही या तेलाचा मोठा उत्पादक आहे. पण आता आपल्याच देशात, जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील भद्रवाहच्या डोंगरउतारांवर लॅव्हेंडर फुलते. सीएसआयआरच्या जम्मू येथील संस्थेने 'अरोमा मिशन'मधून शेतकऱ्यांना रोपे दिली, तेल काढण्याची भट्टी दिली. मक्याचे पीक घेणारी कितीतरी कुटुंबे लॅव्हेंडरकडे वळली. लोक याला 'जांभळी क्रांती' म्हणू लागले, आणि २०२२ साली तिथे लॅव्हेंडर महोत्सवही भरला. थंड, कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन या झाडाला मानवते. कोकणच्या पावसात ते तग धरत नाही.

भद्रवाहच्या शेतकऱ्याला लिटरमागे दहा हजार रुपयांच्या आसपास भाव मिळत असल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. आता साधा हिशेब करा. दहा हजार रुपये लिटर म्हणजे दहा मिलिलिटरचे शंभर रुपये, तेही शेतावरच. त्यात बाटली, वाहतूक, दुकानदाराचा नफा मिळवा. मग रस्त्यावर किंवा ऑनलाइन पन्नास रुपयांत मिळणारी दहा मिलिलिटरची 'शुद्ध लॅव्हेंडर' बाटली कशी परवडते? बहुधा ते कारखान्यात बनवलेले सुगंधी द्रव्य असते. साबण, मेणबत्ती, रूम फ्रेशनर यांत ते चालते, अंगाला लावायला नाही.

बाटली घेताना लेबल वाचावे. त्यावर 'लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया' हे वनस्पतीचे पूर्ण नाव असले पाहिजे. 'लॅव्हेंडिन' किंवा 'स्पाइक लॅव्हेंडर' लिहिले असेल तर ती वेगळी जात. त्यात कापूर जास्त, आणि लहान मुले किंवा फिट येणारी व्यक्ती असलेल्या घरात ती नको. 'फ्रेग्रन्स ऑइल' किंवा 'परफ्यूम ऑइल' लिहिले असेल तर ते इसेन्शियल ऑइल नव्हे. बॅच नंबर आणि मुदत छापलेली असावी. बाटली गडद काचेची असावी आणि तिच्या तोंडाला थेंब-थेंब सोडणारे बूच असावे. उघड्या तोंडाची किंवा प्लॅस्टिकची बाटली घेऊ नये. अत्तराच्या दुकानात सुटे तेल मोजून मिळते. ते घ्यायचे तर केवळ सुगंधासाठी, औषध म्हणून नाही.

खरेच गुण येतो का?

येतो, पण व्हिडिओत सांगतात तितका नाही.

'अरोमाथेरपी' हा शब्द रने-मॉरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने रूढ केला. १९३७ साली त्याच नावाचे त्याचे पुस्तक आले. त्यानंतर लॅव्हेंडरवर बरेच प्रयोग झाले. ऑपरेशनच्या आधी किंवा दाताच्या दवाखान्यात बसलेल्या रुग्णांना लॅव्हेंडरचा वास दिला तर त्यांची घालमेल थोडी कमी होते, असे अनेक लहान अभ्यासांत दिसले आहे. झोपेबद्दलही असेच निष्कर्ष आहेत. इराणमधील मशहद येथे अर्धशिशीच्या ४७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. डोके दुखू लागल्यावर पंधरा मिनिटे लॅव्हेंडर हुंगणाऱ्यांना नुसते पॅराफिन हुंगणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला.

या अभ्यासांत एक अडचण असते. गोळीच्या प्रयोगात रुग्णाला खरी गोळी मिळाली की खोटी, हे लपवता येते. सुगंध लपवता येत नाही. वास आला की आपल्याला आराम पडणार, अशी मनाची तयारी होते, आणि त्यामुळेही थोडा आराम पडतो. म्हणून युरोपीय औषध संस्थेनेही लॅव्हेंडर तेलाला मान्यता दिली आहे ती सौम्य मानसिक ताण, थकवा आणि झोपेसाठीचा 'पारंपरिक उपाय' एवढीच.

जर्मनीत 'सिलेक्सान' नावाच्या खास तयार केलेल्या लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल घालमेलीवर दिली जाते आणि तिच्यावर चांगले अभ्यास झालेले आहेत. ही बातमी फिरत फिरत आपल्यापर्यंत येते तेव्हा "लॅव्हेंडर तेल प्यायले तरी चालते" अशी होते. ती कॅप्सूल मोजून, तपासून बनवलेले औषध आहे. आपल्या कपाटातल्या बाटलीला तो नियम लागू होत नाही.

घरात वापरायचे कसे

*कपाटात.* सर्वांत सोपा आणि निर्धोक वापर. लॅव्हेंडरची सुकी फुले मलमलच्या पुरचुंडीत बांधून कपड्यांत ठेवावीत. दुपट्टे, जानमाज, पाहुण्यांच्या चादरी यांना मंद वास येतो. फुले न मिळाल्यास कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून तो छिद्रे पाडलेल्या डबीत ठेवावा, कपड्यांना लागू देऊ नये, नाहीतर डाग पडतो.

*झोपताना.* रुमालावर एक थेंब टाकून तो उशीपासून हातभर अंतरावर ठेवावा. उशीवर थेट थेंब टाकू नये. झोपेत गाल आणि डोळे त्यावर घासतात. विजेचा डिफ्यूजर असेल तर त्याच्या पाण्यात तीन-चार थेंब पुरेत. अर्ध्या तासाने तो बंद करावा आणि दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी. रात्रभर बंद खोलीत डिफ्यूजर चालवला तर सकाळी उलट डोके जड होते.

*मालिशसाठी.* इथे माप चुकवून चालत नाही. एक मिलिलिटर तेलाचे साधारण वीस थेंब होतात. चहाचा एक चमचा खोबरेल, तीळ किंवा बदाम तेल घेतले की त्यात लॅव्हेंडरचा एक थेंब. हे झाले एक टक्का. थकलेले पाय, आखडलेली मान यांसाठी मोठ्या माणसांना चमच्याला दोन थेंबांपर्यंत चालते. त्यापुढे थेंब वाढवून आराम वाढत नाही, आग मात्र वाढते.

*आधी तपासणी.* असे पातळ केलेले तेल पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावावे आणि एक दिवस थांबावे. खाज, लाली, पुरळ आले तर ते तेल आपल्यासाठी नाही.

*अंघोळीच्या पाण्यात.* थेट थेंब टाकू नयेत. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि निव्वळ स्वरूपात अंगाला चिकटते. टाकायचेच असेल तर आधी चमचाभर साध्या तेलात मिसळावे, आणि फरशी निसरडी होते हे लक्षात ठेवावे. घरात वयस्क दादी-नानी असतील तर हा प्रकार टाळलेलाच बरा.

तेल जुने झाले की बिघडते

आमच्या वर्गातली एक मुलगी मागच्या वर्षी मानेवर लाल चट्टे घेऊन आली. मसुरिका असेल म्हणून बाकीच्या मुली तिच्यापासून लांब बसू लागल्या. चौकशी केली तेव्हा कळले की खालाने दिलेले लॅव्हेंडर तेल ती परफ्यूमसारखे रोज मानेला लावत होती. बाटली तीन वर्षांची, बूच सैल, ठेवण्याची जागा खिडकीत. त्वचेच्या डॉक्टरांनी तेल बंद करायला लावले, मलम दिले, आणि दोन आठवड्यांत मान साफ झाली.

यामागचे शास्त्र सोपे आहे. हवा लागली की तेलातल्या लिनालूलचे रूप बदलते आणि त्यातून त्वचेला चिडवणारे पदार्थ तयार होतात. ताज्या तेलाने न येणारी ॲलर्जी जुन्या तेलाने येते. एकदा ही ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते. मग लिनालूल असलेले साबण, क्रीम आणि अत्तरही खाज आणू शकते. म्हणून बाटलीचे बूच घट्ट लावावे, ती अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी, उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी, आणि दोन वर्षांनी उरलेले तेल अंगाला लावणे बंद करावे. वास आंबूस किंवा टर्पेंटाइनसारखा वाटला तर तारखेचीही वाट पाहू नये.

यांना जपा

*तान्ही बाळे.* आपल्याकडे बाळाला तेल चोळून अंघोळ घालायची रीत आहे आणि ती चांगली आहे. त्या तेलात 'शांत झोप लागावी' म्हणून लॅव्हेंडरचे थेंब घालायची मात्र गरज नाही. बाळाची त्वचा पातळ असते, वजन कमी असते, त्यामुळे थोडे तेलही त्याला जास्त होते. दोन वर्षांखालील मुलांना इसेन्शियल ऑइल लावूच नये. त्यानंतरही बालरोगतज्ज्ञांना विचारून, आणि मोठ्यांच्या निम्मेच. म्हणजे दोन चमचे साध्या तेलात एक थेंब.

हाच मुद्दा कापूर, निलगिरी आणि पुदिन्याच्या अर्कालाही लागू होतो, आणि तिथे धोका लॅव्हेंडरपेक्षा मोठा आहे. सर्दी झाली की बाळाच्या गळ्यात कापूर-ओव्याची पोटली बांधतात, नाकाखाली बाम लावतात. कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलाला फिट येऊ शकते. पोटली बाळाच्या हातात, हातातून तोंडात जायला वेळ लागत नाही. अमेरिकेने १९८३ सालीच औषधांतल्या कापराचे प्रमाण ११ टक्क्यांवर रोखले, ते अशा घटनांमुळेच. पुदिन्याचा तीव्र वास नाकाशी आला तर तान्ह्या बाळाचा श्वास क्षणभर अडकू शकतो.

*वयात न आलेली मुले.* २००७ साली अमेरिकेत तीन मुलग्यांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. लॅव्हेंडर आणि टी ट्री तेल असलेली उत्पादने रोज वापरल्यावर त्यांच्या छातीची वाढ होऊ लागली, आणि वापर थांबवल्यावर ती ओसरली. नंतरच्या एका पाहणीत लॅव्हेंडर वापरणाऱ्या मुलांत असा फरक आढळला नाही. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण लहान मुलाला रोजच्या रोज, महिनोन् महिने असे तेल चोळण्याचेही कारण नाही.

*गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता.* पहिले तीन महिने अंगाला लावू नये. पुढे वापरायचे तर डॉक्टरांना विचारून. स्तनांवर लावू नये, ते थेट बाळाच्या तोंडात जाते.

*दमा असलेले.* कोणताही तीव्र वास दम्याचा झटका आणू शकतो. अशा घरात डिफ्यूजर, धूप आणि अगरबत्ती या तिन्हींचा विचार एकत्र करावा.

*झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे.* लॅव्हेंडरने गुंगी थोडी वाढू शकते. डॉक्टरांना सांगावे. ऑपरेशन ठरले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावे.

*घरातले मांजर.* आपल्या घरांत मांजरे लाडाने वावरतात. असले पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची यकृताची एक व्यवस्था मांजरांत फार दुबळी असते. त्यात मांजर अंग चाटते, म्हणजे अंगावर पडलेला थेंब पोटात जातो. मांजराच्या अंगाला, गादीला तेल लावू नये, आणि डिफ्यूजर चालू असेल त्या खोलीत तिला कोंडू नये.

भाजल्यावर तेल नको

लॅव्हेंडर तेल भाजलेल्यावर उत्तम, असे ठिकठिकाणी सांगितले जाते. रमजानमध्ये इफ्तारची तळणी, ईदला मोठाली देग. स्वयंपाकघरात भाजण्याचे प्रसंग येतातच. भाजल्यावर करायचे ते एकच : वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको आणि लॅव्हेंडरही नको. फोड मोठा असेल, चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजले असेल, किंवा भाजलेले मूल असेल तर स्वच्छ कापड हलके झाकून डॉक्टरांकडे जावे. कान दुखत असेल तर कानात आणि कोंदले असेल तर नाकात थेंब टाकणे, हेही कधी करू नये.

बाटली कुठे ठेवाल?

बहुतेक अपघात होतात ते ठेवण्याच्या जागेमुळे. अत्तराच्या कुप्या आपण आरशासमोर ठेवतो आणि हे तेलही तिथेच जाते. छोटी बाटली, छान वास; दोन-तीन वर्षांच्या मुलाला ती सरबतासारखीच वाटते. कानाच्या, डोळ्याच्या औषधाशेजारी ठेवली तर रात्री अंधारात मोठ्या माणसाचाही हात चुकतो. तेव्हा ही बाटली औषध समजून, कुलपाच्या किंवा उंच कपाटात, डोळ्याच्या औषधांपासून दूर ठेवावी. रिकाम्या अत्तराच्या कुपीत, सिरपच्या किंवा पाण्याच्या बाटलीत हे तेल कधीही काढून ठेवू नये. चूल, मेणबत्ती, लोबानची धुपाटणी यांच्याजवळही ठेवू नये.

एवढे करूनही मुलाने तेल गिळले तर :

– उलटी करवू नका. मीठपाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. उलटी होताना हे पातळ तेल फुप्फुसात जाते आणि तो धोका पोटातल्यापेक्षा मोठा असतो.
– तोंड ओल्या कापडाने पुसा.
– मूल खोकते, ठसकते, सुस्तावते, तोल जाऊन चालते का, पाहा. लक्षणांची वाट पाहत घरी मात्र बसू नका.
– बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवता येते. बाटलीत आधी किती होते, आता किती उरले, हे डॉक्टरांना सांगा.

डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

भगिनी विचारतात ते काही प्रश्न

*या तेलात अल्कोहोल असते का?* रसायनशास्त्राच्या पुस्तकात लिनालूल 'अल्कोहोल' गटात मोडते, म्हणून ही शंका येते. हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. शराबमध्ये असते ते इथेनॉल वेगळे. वाफेने काढलेल्या शुद्ध लॅव्हेंडर तेलात इथेनॉल घातलेले नसते. 'लॅव्हेंडर स्प्रे' किंवा 'लॅव्हेंडर मिस्ट'मध्ये मात्र ते असू शकते, लेबल पाहावे. त्याचा मसला आपल्या आलिमांना विचारावा.

*हज-उमराहला न्यावे का?* इहराममध्ये सुगंध लावता येत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, पण लॅव्हेंडरचा साबण, क्रीम, ओले टिश्यू यांतही सुगंध असतो हे लक्षात राहत नाही. त्या दिवसांसाठी बिनवासाच्या वस्तू वेगळ्या बांधून घ्याव्यात.

*रोज्यात?* नाकाने मुद्दाम वाफ ओढण्याचा मसला आधी विचारून घ्यावा. तेल वापरायचे तर तरावीहनंतर झोपताना रुमालावरचा एक थेंब बरा.

सुगंधाकडून किती अपेक्षा ठेवायची

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, मुलाला झोप येत नाही, काय द्यावे? मी आधी विचारते, मोबाइल रात्री कुठे असतो? बहुतेक वेळा उत्तर असते, उशाखाली. तो बाहेरच्या खोलीत गेला, संध्याकाळनंतरचा चहा बंद झाला, इशाची नमाज झाल्यावर दिवे मंद झाले, तर अर्धे काम झाले. मग रुमालावर लॅव्हेंडरचा थेंब असेल तर ती चांगली सोबत आहे. मोबाइल उशाखालीच राहिला तर सगळी बाटली ओतूनही झोप येणार नाही.

आणि झोप तीन-चार आठवडे नीट लागत नसेल, छातीत धडधड होत असेल, मन सतत उदास असेल, डोकेदुखी अचानक आणि पूर्वी कधी नव्हती इतकी तीव्र असेल, किंवा तिच्यासोबत ताप, उलटी, अंधारी येत असेल, तर सुगंधात वेळ घालवू नये. विशेषतः आपल्या घरांतल्या बायका "थोडे तेल लावते, बरे वाटेल" म्हणून दुखणे महिनोन् महिने अंगावर काढतात. सगळ्यांची इफ्तार, सहेरी, डबे सांभाळणारी अम्मी स्वतःच्या दुखण्याला तेलाच्या थेंबावर भागवते, आणि डॉक्टरकडे जाते ती अगदी शेवटी. तिच्या हातात बाटली दिसली तर घरातल्यांनी एवढे जरूर विचारावे, "किती दिवसांपासून दुखतंय?" उत्तर आठवड्यांत आले, तर दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन जावे.